छात्रावर गुन्हा दाखल झाला की फोटो फिरवू नका, ओळख परेड वाचवा

सातारा जिल्ह्यात फौजेशी नातं नाही असं गाव शोधावं लागेल. फौजी गाव म्हणून ओळखलं जाणारं अपशिंगे मिलिटरी इथलंच, आणि देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली निघाली तीही साताऱ्यातच. त्यामुळे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीतल्या एखाद्या छात्रावर (कॅडेटवर) गंभीर गुन्हा दाखल झाला की लोक पेटून उठतात. कुणी म्हणतं ‘वर्दीला काळिमा फासला, भर चौकात फाशी द्या’, कुणी म्हणतं ‘पोराला मुद्दाम गोवलंय’. राग समजू शकतो, पण त्या रागात खटल्याचंच नुकसान होतं आणि ते निस्तरता येत नाही.

‘लष्कर त्याला पाठीशी घालणार’ ही ओरड आधी थांबवा. छात्राला अजून कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळालेलं नसतं. लष्कर अधिनियम 1950 कुणाला लागू होतो हे कलम 2 सांगतं. त्यात अधिकारी, जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी), भरती झालेले जवान आहेत, छात्र नाही. गुन्हा साताऱ्यात घडला असेल तर खटला इथल्याच न्यायालयात चालतो, कोर्ट मार्शल, म्हणजे लष्कराचा स्वतःचा खटला, होत नाही.

सगळ्यात घातक म्हणजे फोटो. आरोपी अनोळखी असेल तर साक्षीदारापुढे ओळख परेड घेतात. आपल्याकडे ती कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा नायब तहसीलदार घेतात. एका आरोपीसोबत निदान सहा माणसं उभी करायची आणि ती वयाने, अंगकाठीने, दिसायला त्याच्यासारखी हवीत. छात्राच्या बाबतीत इथेच गोची होते. बारीक कापलेले केस, ताठ उभं राहणं, कमावलेलं शरीर. त्याच्या शेजारी वाढलेल्या केसांची सहा पोरं उभी केली तर साक्षीदार आपोआप त्याच्याकडेच बोट दाखवेल आणि बचावाचे वकील ती परेड उलटतपासणीत मोडून काढतील. एवढी काळजी घेऊनही आदल्या दिवशी त्याचा फोटो तालुकाभर स्टेटसला लागलेला असला तर सगळं पाण्यात. ‘ओळखलंत ते घटनेवरून की व्हॉट्सअ‍ॅपवरून?’ या एका प्रश्नावर पुरावा लुळा पडतो. न्याय मागणाऱ्यांनीच आरोपीला दिलेली ही सूट असते.

फोटो फिरवणाऱ्याच्या अंगावरही येतं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) साडेसोळाव्या वर्षी प्रवेश मिळू शकतो, म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी छात्र अठराच्या आतला असू शकतो. तसं असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि त्याचं नाव, फोटो, शाळा छापायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 ने बंदी आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत कैद. ‘ताईला न्याय द्या’ म्हणून तिचाच फोटो लावणारे फलक मनाला फार लागतात.

घटनेचा व्हिडिओ हाती असेल तर ग्रुपवर टाकू नका. ज्या फोनवर काढला तो फोन जसाच्या तसा तपास अधिकाऱ्याकडे द्या, पंचनामा करून घ्या. पुढे असा डिजिटल पुरावा कोर्टात मांडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारा तिचा ठशासारखा आकडा) लिहावी लागते. फॉरवर्ड होताना फाइल दाबली जाते आणि मग ही व्हॅल्यू मूळ फाइलशी जुळत नाही.

आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असे ठराव वकील संघ करतात. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात ते बेकायदा ठरवलेत. वकिलाविना चाललेला खटला अपिलात टिकत नाही, फेरसुनावणी लागली तर पीडितेला पुन्हा पिंजऱ्यात उभं राहावं लागतं.

मोर्चात पुढे असतात ती बहुतेक भरतीची तयारी करणारी पोरं. मनाई आदेश मोडला तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 135, दगड भिरकावला तर दंगलीचं कलम. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये हे लिहावंच लागतं. लपवलं तर निवड रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अवतार सिंग प्रकरणात 2016 साली स्पष्ट झालंय. पोलिसांची परवानगी घेऊन निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्या. त्यात फाशी मागू नका. तपास अधिकारी बदलू नये, विशेष सरकारी वकील नेमावा आणि साक्षीदारांना संरक्षण मिळावं, एवढं मागा.