झाळलेला गडू

भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. बाहेरगावची माणसं सगळ्यात जास्त नेतात तो गंगेचं पाणी भरायचा तांब्याचा गडू. (नाशकात जुनी माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात.) रामकुंडावरून पाणी भरून आणलं की झाकण झाळून, म्हणजे डाख देऊन पक्कं बंद करून द्यायचं, हे काम मी दहावीच्या सुट्टीत शिकलो. त्यामुळे धर्मानं माणसाचं भलं होतं की वाटोळं, असा वाद निघाला की मी आधीच सांगून टाकतो, बाबांनो, माझं पोट त्यावर आहे. माझं मत तेवढं वजा करून ऐका.

२००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला सरदार चौकाकडच्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी झाली. ३९ माणसं गेली. त्या संध्याकाळी वडील शटर अर्धं ओढून नुसतेच बसले होते, गल्लाही मोजला नाही. पुढं २०१५ ला पोलिसांनी इतके बॅरिकेड लावले की पहिल्या शाहीस्नानाला रस्ते ओस पडले. माल भरून ठेवलेला, गिऱ्हाईक नाही. मी पोलिसांना यथेच्छ शिव्या घातल्या. बॅरिकेड कशासाठी होते ते पक्कं ठाऊक असूनही घातल्या.

वडील गेल्यावर आईची झोप उडाली. कुणीतरी एका गुरुजींचं नाव सुचवलं. त्यांनी पत्रिका बघून पितृदोष काढला आणि त्र्यंबकला नारायण नागबळी करा म्हणाले. तीन दिवसांचा विधी, कोरं धोतर, सोन्याचा नाग. तिसऱ्या दिवशी दक्षिणेचा आकडा अचानक वाढला. अर्ध्यात उठायचं कसं? मी एफडी मोडली. अजून आठवलं की डोकं तापतं. पण घरी परत आलो त्या रात्री आई नऊ तास झोपली. डॉक्टरच्या गोळ्यांनी दीड महिन्यात जमलं नव्हतं ते. आता हे कुठल्या खात्यात मांडू?

दुकानात पॉलिशचं काम करायला एक मामा येतात, पंच्याहत्तरीचे. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, त्यात दादासाहेब गायकवाडांच्या मागं मामांचे वडील होते. सत्याग्रह पाच वर्षं चालला, दार काही उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी इथंच, आपल्या येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. मामा रोज त्या मंदिरावरून सायकल घेऊन येतात. एकदा विचारलं, आता तर सगळ्यांना खुलं आहे, कधी आत गेलात का? म्हणाले, "खुलं आहे ना. पण आता तिथं माझं काय काम?"

धर्म नकोच म्हणणाऱ्यांना मी मामांचीच गोष्ट सांगतो. इतका अपमान झाल्यावर बाबासाहेबांनी एकवीस वर्षं विचार केला आणि १९५६ ला नागपूरला दुसरा धर्म घेतला. धर्माशिवाय राहा असं नाही सांगितलं लोकांना. मामांच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. माझी मुलगी बारावीचं वर्षभर तिथं बसली, आमच्या घरात टीव्ही बंद होत नाही म्हणून. तू कोण, कुठली, कुणी विचारलं नाही.

यंदा जयंतीला विहारासाठी पाण्याचं पितळी पिंप हवं होतं. मी मामांना म्हटलं, घेऊन जा, पैशाचं नंतर बघू. मामा जागचे हलेनात. "पावती फाड आधी. विहाराचा हिशोब भिंतीवर लागतो, पोरं एकेक आकडा वाचतात."

खरेदीच्या भावात लावलं आणि पावती फाडली. फाडता फाडता लक्षात आलं, त्र्यंबकला एवढे पैसे मोजले, पण तिथं पावती मागायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. मला, जो दिवसभर दुसऱ्यांना पावत्या फाडून देतो.