डीपीचा सा

"ताई, दुसरा तानपुरा कुठं ठेवलाय?"

मिरजेहून आलेले काका माझ्या तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या तुकड्यावर, वाकून बसले होते. दुसरा तानपुरा? माझ्या घरात धड दुसरी खुर्ची नाही. म्हटलं, "एकच आहे हो काका."

"मग फोनवर लावलाय?"

फोनही बंद होता. काकांनी तारेवरचं बोट उचललं, मान तिरकी केली आणि माझी चोरी पकडल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "कुणीतरी गातंय इथं. खर्जात. अन् चढं गातंय."

मी गाणी लिहिते, चाली लावते, गाते आणि कर्वेनगरातल्या पहिल्या मजल्यावरच्या वन बीएचकेत ती रेकॉर्डही करते. पोट भरतं ते शाळांच्या गॅदरिंगची गाणी, नवरीच्या एन्ट्रीची गाणी आणि दागिन्यांच्या दुकानांच्या जिंगल्सवर. स्वतःच्या गाण्यांची रॉयल्टी येते, नाही असं नाही. आली की दूधवाल्याचं अर्धं बिल भागतं.

स्टुडिओ म्हणजे बेडरूमच. कपाटाची दारं उघडी ठेवायची, साड्या आवाज पितात. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन गोधड्या टाकायच्या आणि त्यांच्या कुशीत माइक. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की आत स्कूटीची किल्ली ठेवते, म्हणजे बाहेर पडताना तो चालू करायची आठवण होते. ही अक्कल दोनदा दूध नासल्यावर आली. हे सगळं रात्री एक ते चारच्या दरम्यान, कारण दिवसा आमच्या गल्लीत कुणा ना कुणाच्या घरी फरशी कापायचं काम चालू असतंच.

तानपुरा जुना, सेकंडहँड घेतलेला, पण मिरजेचा. (तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा काकांना कोण अभिमान.) काका वर्षातून दोनदा पुण्यात येतात आणि घरोघर फिरून वाद्यं दुरुस्त करतात. माझ्या तानपुऱ्याची जवारी बसली होती, म्हणजे तार छेडली की नुसता 'टण' व्हायचा, पुढे काही नाही. काकांनी घोडी कानशीने हलकेच घासली, पॉलिश पेपर फिरवला, मग तारेखाली सुताचा धागा सरकवला. तो केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार एकदम फुलली आणि आतून सगळे स्वर बाहेर पडायला लागले. हे मी दहा वेळा पाहिलंय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

"पट्टी कुठली?"

"पांढरी पाच." म्हणजे हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी हा माझा सा.

काकांनी कीबोर्डवरून स्वर घेऊन पंचम लावला, जोड म्हणजे मधल्या दोन तारा लावल्या आणि शेवटी खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार, लावायला घेतला. तिथेच ते अडले. खर्जाची तार लागली की तिच्या अंगातून एक हेलकावा यायचा, वाँव-वाँव-वाँव. काका गुडघ्यावर बोटाने मोजत होते. सेकंदाला दोन.

मग घरात शोधाशोध सुरू झाली. पंखा बंद केला, लॅपटॉपचा चार्जर काढला, वायफायचा डबा काढला, फ्रिज बंद केला. (किल्ली आत ठेवली.) इन्व्हर्टर बंद केला. शेवटी मी मेन स्विचच पाडला. घर मुकं झालं, हेलकावा तसाच. काका उठले आणि खिडकीची काच सरकवली. आवाज मोठा झाला.

खिडकीपासून पंधरा-वीस फुटांवर, कंपाउंडच्या कोपऱ्यात डीपी आहे. ट्रान्सफॉर्मर हो, पण तसं कोण म्हणतं? 'डीपीवरून वीज गेली', 'डीपी उडाली', असंच म्हणायचं. तीन वर्षं मी त्या डीपीशेजारी झोपतेय, लिहितेय, गातेय. ती आवाज करते हे मला माहीत नव्हतं असं नाही, मला तो ऐकू येणं बंद झालं होतं.

फोनवरचं ट्यूनर खिडकीबाहेर धरलं. १०० हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरच्या आतला लोखंडी गाभा प्रवाहाच्या प्रत्येक अर्ध्या लाटेला एकदा ताणतो आणि सुटतो, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. पांढरी पाचचा खर्ज ९८ हर्ट्झ. दोघांत दोनचा फरक, म्हणून सेकंदाला दोन हेलकावे. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरतात, त्या हिशेबाने डीपी पांढरी पाचच्या ३५ सेंट वर गात होती. काकांनी कुठलंही यंत्र न बघता 'चढं गातंय' म्हटलं होतं ते याला.

"लायटीला लावून देऊ का तानपुरा?" काका हसत म्हणाले.

मला वाटलं गंमत करतायत, पण त्यांनी खरंच खुंट्या पिळल्या, मणी सरकवले आणि चारही तारा डीपीच्या स्वरात लावल्या. हेलकावा विरून गेला. खरं सांगते, माझा तानपुरा इतका भरलेला मी कधी ऐकला नव्हता. खोलीच्या चारी भिंती बोलतायत असं वाटलं. पण त्याच्याशी जुळायला बाकीची सगळी वाद्यं ज्या ४४० हर्ट्झच्या स्वराला धरून लावतात तो सोडून ४४९ ला लावावी लागली असती. कीबोर्डचं जमलंही असतं, पण हार्मोनियमवाल्या दादाला काय सांगणार, तुझ्या सूरपट्ट्या घासून आण? काकांनी तारा परत उतरवल्या, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेले.

मी मात्र तिथेच बसून राहिले. 'पट्टी कुठली?' या प्रश्नावर मी पांढरी पाच का म्हणाले होते?

मी सांगलीला बाईंकडे सात वर्षं शिकले ती काळी पाचमध्ये. माझा गळा तिथलाच, असं बाई म्हणायच्या. पांढरी पाच म्हणजे तीन पट्ट्या खाली. लॅपटॉप उघडून गाण्यांचे फोल्डर काढले. या घरात आल्यापासून पूर्ण झालेली चौदा गाणी. नऊ पांढरी पाचमध्ये. तीन पांढरी एकमध्ये, आणि पांढरी एकचा पंचम म्हणजे पांढरी पाचच. उरली दोन, काळी पाचमधली. ती कुठे सुचली ते तारखांवरून आठवलं. एक चिपळूणला माहेरी, पावसात दोन दिवस वीज गेली होती तेव्हा. दुसरं एसटीत.

मला घाम फुटला.

माझ्याबद्दल लोक जे चार चांगले शब्द बोलतात ते सगळे त्या खालच्या आवाजाबद्दल असतात. 'कानाशी येऊन बोलल्यासारखं गाता.' 'तुमचा खर्ज काय सुंदर आहे.' मीही ते मनावर घेतलं होतं. माझी शैली वगैरे. ती जर कोपऱ्यातल्या डीपीने ठरवलेली असेल तर? गंमत म्हणजे अंतिम गाण्यात ती घरघर कुठेच नाही. ८० हर्ट्झखालचं सगळं मी कापतेच, आणि वर उरलेली गुणगुण नॉइज काढायच्या प्लगइनने साफ करते. गाण्यातून जी घरघर मी इमानेइतबारे पुसत होते, गाणं उभं होतं तिच्यावरच.

सगळं खापर डीपीवर फोडणंही बरोबर नाही. रात्री दोन वाजता, वरती आजोबा झोपलेले असताना, कोण काळी पाचमध्ये तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, लावेल? दबक्या आवाजात गायचं तर खालची पट्टीच सोयीची. पण दबकून गायला पांढरी चारही चालली असती, काळी तीनही चालली असती. नेमकी पांढरी पाचच का, याचं दुसरं उत्तर मला सापडत नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून विजेबद्दल वाचत बसले. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं वीजजाळं बाकीच्या देशाशी जोडलं गेलं आणि तेव्हापासून अख्खा भारत एकाच लयीत चालतो. ती लय ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या आत ठेवायची असते, म्हणजे पाचेक सेंटांचा खेळ. कुठल्याही गावची डीपी घ्या, सा एकच. आमच्या क्षेत्रात तीन माणसांच्या बँडचं एका सुरावर एकमत होत नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. पुण्यात गुरुवार म्हणजे देखभाल-दुरुस्तीचा वार. मेसेज आला होता, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज बंद. एरवी मी शिव्या घालते. त्या दिवशी लॅपटॉप शंभर टक्के चार्ज करून ठेवला. माइकला ४८ व्होल्ट लागतात, ते माइक लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस यूएसबीवरूनच पुरवतो, फक्त बॅटरी भराभर उतरते. माझ्या हातात फार तर अडीच तास होते.

नऊ वाजून चार मिनिटांनी डीपी थांबली. गल्लीतलं फरशीचं कटर थांबलं. वरच्यांचा मिक्सर अर्ध्या चटणीवर थांबला. इतकी शांतता की कुणाच्या तरी गॅलरीतल्या पोपटाचे पाय पिंजऱ्याच्या दांडीवर सरकलेले ऐकू आले.

माझं एक गाणं चार महिने अडलं होतं. मुखडा झाला होता:

उंबऱ्याशी चपला, तोंड वाटेकडे
पाहुणी मी आले, आपुल्याच घरी गडे

अंतरा 'एकदा तरी हाक मार, नाव माझं घेऊन' असा वर जातो. 'हाक' या शब्दावर तार सा. तो शब्द मी पन्नास वेळा रेकॉर्ड केला असेन. बिघडलेलं काही नव्हतं, सूर लागायचा, पण ऐकताना दर वेळी कुणी शेजारी बसून 'हाक' हा शब्द नुसता वाचून दाखवतंय असं वाटायचं.

तानपुरा मांडीवर घेतला आणि काळी पाचकडे चढवायला निघाले. अर्ध्या वाटेत जोडीची एक तार टण्णकन तुटली आणि मनगटावर ओरखडा काढून गेली. साहजिकच, तारा पांढरी पाचच्या हिशेबाने घातलेल्या. काकांना हे सांगायचं नाही असं ठरवलं आणि फोनवर तानपुरा लावला.

पहिला तासभर नुसतं चाचपडणं. सा सापडत होता पण त्यावर उभं राहता येत नव्हतं. हेडफोन काढला, घातला. खिडक्या बंद करून बघितल्या, उकडून जीव गेला, परत उघडल्या. बारा वाजता समोरच्या सोसायटीचा डिझेल जनरेटर सुरू झाला आणि वीस मिनिटं फुकट गेली. लॅपटॉप बंद करून मी पोहे केले.

पुन्हा बसले तेव्हा कंटाळून उभ्याने गायले, माइकपासून चांगली दोन हात लांब. 'एकदा तरी' म्हटलं आणि 'हाक' मोकळी सोडली. ती गोधड्या ओलांडून खिडकीबाहेर गेली. वरच्या गॅलरीतून आजी ओरडल्या, "कोण गं? मला हाक मारलीस?"

"नाही आजी, गाणं आहे!"

"बरं बरं, म्हण."

त्या टेकमध्ये आजी आहेत, त्यामुळे तो वापरता येत नाही. पण नेम कुठे धरायचा ते कळलं होतं. पुढचे टेक थोडे थोडे करून घेतले, मध्ये लॅपटॉप झोपवत, बॅटरी पुरवत. पावणेपाच वाजता ११ टक्के उरली होती. एक शेवटचा सलग टेक घ्यायचा ठरवला. मुखडा, अंतरा, हाक, सगळं बसलं. परतीचा मुखडा सुरू झाला. शेवटचं 'घरी गडे' सा वर येऊन मिटतं.

'आपुल्याच' म्हणत होते तेव्हा बाहेर खट् झालं. वीज आली. फ्रिज थरथरला, वरचा मिक्सर अर्ध्या चटणीपासून पुढे सुरू झाला. मी थांबले नाही, बॅटरीच्या धाकाने ओळ पुरी केली आणि रेकॉर्डिंग बंद करून चार्जर लावला.

रात्री ऐकलं. 'गडे' सा वर आलेलंच नाही. अलीकडेच, धैवतावर जाऊन थांबलंय आणि तिथेच लांबत गेलंय. काळी पाचचा शुद्ध धैवत म्हणजे पांढरी पाच. मी मुद्दाम केलेलं नाही, तेवढा वेळच नव्हता.

दोन दिवस ते सा वर आणायचा प्रयत्न केला. नवीन टेक घेतले, सॉफ्टवेअरने ओढून बघितलं. सा वर आणलं की ती बाई घरात येऊन आरामात बसते. धैवतावर ती चपलांपाशीच उभी राहते. मग मी हात लावायचं सोडून दिलं. मिक्सरचा आवाज तेवढा काढला.

गाणं काकांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आधी तब्येत, मग पाऊस, मग म्हणाले, "गाणं ऐकलं. चांगलं झालंय. शेवटचा धैवत तेवढा चढलाय ताई."

"हो काका," मी म्हटलं, "३५ सेंट."

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग काका म्हणाले, "अन् तार कितव्या दिवशी तोडली?"