हरकत दिली, पोच मिळाली, पुढं काय झालं?

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. पालिकेनं गावाची प्रारूप विकास योजना, म्हणजे कुठं घरं, कुठं रस्ते हे ठरवणारा कच्चा आराखडा, प्रसिद्ध केली हे मला सांगितलं ते प्लॉटची दलाली करणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं. जाहीर सूचना पेपरात आली होती म्हणे. आली होतीच, निविदा आणि हरवलेल्या दस्तांच्या जाहिरातींच्या मधे, भिंग लावून वाचावी लागेल अशा टायपात. नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 26 प्रमाणं हरकती-सूचनांना 30 दिवस मिळतात. आम्हाला पत्ता लागेपर्यंत त्यातले बरेच सरले होते.

नकाशा पालिकेच्या वरच्या मजल्यावर लावलेला, त्याचा एक कोपरा कपाटामागं गेलेला. शिपायाला सांगून कपाट सरकवलं आणि आमच्या भागातला ओढा शोधायला लागलो. ओढाच नाही! तिथं सलग पिवळा रंग, म्हणजे रहिवास विभाग, आणि त्यातून आरपार एक डीपी रस्ता, म्हणजे विकास योजनेत आखलेला रस्ता. पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या निळी आणि लाल पूररेषा नदीच्या कडेनं व्यवस्थित आखलेल्या. पण 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पाणी आमच्याकडं घाट चढून आलं नव्हतं, ते ओढ्यातून उलटं शिरलं होतं. कृष्णा फुगली की आधी ओढे तुंबतात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नकाशा करणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं, किंवा त्यानं विचारलं नसावं.

हरकत लिहिणं अवघड नाही. गट नंबर, नकाशातली जागा, काय चुकलंय, काय करायला हवं, सोबत पुराचे फोटो. आवक-जावकला बसणाऱ्या मॅडमनी अर्ज वाचून परत माझ्याकडं सरकवला. म्हणाल्या, "काका, खाली लिहा, सुनावणीत म्हणणं मांडायचं आहे म्हणून. ते नसलं तर बोलावणार नाहीत." खरंच आहे. कलम 28 प्रमाणं हरकती ऐकायला नियोजन समिती असते, आणि आमच्याकडं आत बोलावलं ते सुनावणी मागणाऱ्यांनाच. जाहीर सूचनेत मात्र या वाक्याचा मागमूस नव्हता. मॅडमनी शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच दिली. सगळ्या प्रकरणात मला सरकारी काम म्हणून पटलं ते एवढंच.

ओढ्यालगतच्या वस्तीतल्या बायकांनी एका कार्यकर्त्याकडून छापील नमुना करून घेतला, नावं भरली, सह्या-अंगठे केले आणि गठ्ठा नेऊन दिला. सुनावणीची मागणी त्या नमुन्यातच होती, म्हणून वाचल्या.

सुनावणीच्या दिवशी मला आत बोलावलं, नीट ऐकलं. समितीत बाहेरून नेमलेले एक निवृत्त नगररचनाकार होते, त्यांनी प्रश्नही विचारले. वस्तीची पाळी आली तेव्हा मात्र "सर्व अर्ज एकसारखे आहेत, एकत्रित सुनावणी" असं पुकारलं आणि दोघींनाच आत घेतलं. बाकीच्या जिन्यात उभ्या. रोजगार बुडवून आलेल्या होत्या. कागद एकसारखा असेल, पण एकीची भिंत पडलेली, दुसरीची म्हैस गेलेली, तिसरीच्या पोराची शाळेची कागदपत्रं भिजून लगदा झालेली. कोरा कागद घेऊन स्वतःच्या शब्दांत हरकत लिहिणं ज्यांना जमतं त्यांनाच माणूस धरायचं, हा कुठला न्याय?

मग व्हायचं तेच झालं. पुढच्या आठवड्यात पालिकेच्या दारात ठिय्या. हलगी, घोषणा, भाकऱ्या बांधून आणलेल्या. नगरसेवक नव्हतेच, कारभार प्रशासकांच्या हातात, त्यामुळं गाऱ्हाणं घालायला दुसरं दार नव्हतं. आदल्या संध्याकाळी पोलिसांनी तिघींना नोटीस दिली. गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच देतात ती; गावात तिला अजून 149 चीच नोटीस म्हणतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 168 झालंय. शांततेत, विनाशस्त्र जमायचा हक्क घटनेच्या कलम 19 नं दिलाय हे नोटीस देणाऱ्या हवालदारालाही माहीत होतं, तो बिचारा "मावशी, माझ्या वरनं आलंय" म्हणत सही घेत होता. प्रशासक साहेब मागच्या दारानं बैठकीला गेले. माझं स्पष्ट मत आहे, की हलगी वाजली ती आतल्या खोलीत दोन मिनिटांत गुंडाळलेल्या हरकतीचीच. तिला कायदा-सुव्यवस्थेच्या फायलीत घालणं म्हणजे तोच अर्ज चुकीच्या टेबलावर पाठवणं.

दुपारी ते निवृत्त नगररचनाकार खाली आले. भाषण नाही, आश्वासन नाही. "पाणी कुठपर्यंत होतं, दाखवता का?" म्हणाले आणि बायकांबरोबर चालत ओढ्याकडं निघाले. एका म्हातारीनं घराच्या भिंतीवरची गाळाची रेघ दाखवली, छपराच्या वाशापासून हातभर खाली. त्यांनी टेप धरायला लावली, मोजमाप वहीत उतरवलं, आणि वहीच्या त्याच पानावर तिला अंगठा करायला लावला. ठिय्या त्या संध्याकाळी उठला. कुणी उठवला नाही.

समितीचा अहवाल मिळवायला माहिती अधिकारात जावं लागलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मग पानाला दोन रुपये. ओढा नकाशावर दाखवावा, अशी शिफारस आहे. रस्ता जागचा हललेला नाही. माझ्या हरकतीपुढं "अंशतः मान्य" आणि खाली चार ओळींचं कारण. वस्तीच्या सगळ्या अर्जांपुढं मिळून एकच शेरा: "वरीलप्रमाणे". कारण लिहिलेलं असलं की माणूस भांडू तरी शकतो. "वरीलप्रमाणे"शी काय भांडायचं?

आता योजना शासनाकडं आहे. शासनानं त्यात मोठे फेरबदल सुचवले तर ते पुन्हा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, कलम 31 मध्ये तशी तरतूद आहे. वस्तीतल्या बायकांनी आत्ताच ठरवलंय, की तशी वेळ आली तर या खेपेला छापील नमुना नको. दहावीतल्या दोन पोरी संध्याकाळी घरोघरी वही घेऊन फिरतायत. घर कुणाचं, 2019 ला पाणी किती फूट, 2021 ला किती, काय गेलं, आणि शेवटी सुनावणीचं ते वाक्य. मी फक्त गट नंबर तपासून देतोय.