खोटे शून्य

काल रात्री फोंड्यात पावसाचा जोर वाढलेला असताना आमच्या मेश नेटवर्कच्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वायरलेस उपकरणांच्या जाळ्याच्या, कोडमधली ती चुकीची ओळ सापडली: मेमरी मिळाली नाही, तरी आमचे फंक्शन शून्यच परत करत होते.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, फंक्शनने शून्य परत करणे म्हणजे यश. मेमरी न मिळाल्यास उणे १२ हा त्रुटीचा आकडा परत करायचा असतो. मेशमध्ये प्रत्येक नोड, म्हणजे जाळ्यातले एकेक उपकरण, शेजाऱ्याचे पॅकेट (माहितीचा तुकडा) पुढे पोहोचवतो, पण इथे पॅकेट वाटेतच गळत होते आणि वरच्या कोडला मात्र ते रवाना झाल्याचे कळत होते, त्यामुळे लॉगमध्ये एकही त्रुटी दिसत नव्हती. तीन दिवस मी अँटेनाला आणि पावसाला दोष देत राहिलो.

दुरुस्ती एका ओळीची. सहकारी म्हणाली, “दादा, त्या फंक्शनने नुसते ‘जमले नाही’ म्हटले असते, तरी पुरे होते.”

ते वाक्य दिवसभर मनातून जात नाही. उरलेल्या कोडमध्ये अशी आणखी किती शून्ये असतील?