वहीत नाव न लिहिता

इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या बंदरावरील एम शेड या संग्रहालयात रॅडिकल हिस्टरी फेस्टिव्हल, म्हणजे लोकांच्या लढ्यांच्या इतिहासाचा उत्सव, भरला होता. दाराशी टेबलावर एक वही होती. पुढील कार्यक्रमांची माहिती हवी असणाऱ्यांनी त्यात नाव आणि ई-मेल लिहायचा होता. मी पेन उचलले आणि परत ठेवले. परक्या देशात व्हिसावर राहणाऱ्या माणसाने राजकारणाच्या जागी आपली सही ठेवू नये, असे बडोद्याहून निघताना बाबांनी बजावले होते आणि त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. टेबलामागच्या बाईंनी माझी घालमेल ओळखली असावी. नाव लिहायलाच हवे असे नाही, आत या, एवढेच त्या म्हणाल्या.

ज्या गावात 1963 साली बसकंपनी आशियाई आणि कृष्णवर्णीय माणसांना वाहक म्हणून घेत नव्हती आणि लोकांनी बसवर बहिष्कार घालून तो नियम मोडून काढला, त्या गावात असा उत्सव भरावा, याचे नवल वाटले नाही. हादरलो ते पोलिसांच्या हेरगिरीवरील व्याख्यानाने. 1968 मध्ये लंडनच्या पोलिसांनी एक गुप्त पथक उभारले आणि ते 2008 पर्यंत चालवले. हजाराहून अधिक संघटनांवर गुप्त पोलिसांची पाळत होती. यांतील अनेक अधिकारी जन्ममृत्यूच्या नोंदी चाळून लहानपणीच दगावलेले एखादे मूल शोधत, त्याचे नाव आणि जन्मतारीख घेत आणि त्या नावाने आंदोलकांत वर्षानुवर्षे वावरत. काहींनी चळवळीतील स्त्रियांशी संसारासारखे संबंध ठेवले. ज्या आईने आपले मूल पुरले, तिला दुसरा कोणी त्याचे नाव लावून हिंडतो आहे याचा पत्ताच नव्हता. त्या रात्री मला हेच पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी पोलिसांनी त्यांच्यावर ठेवलेल्या फाइलचे एक पान पिशवीतून काढून दाखवले. तरुणपणी त्या वर्णभेदविरोधी चळवळीत होत्या. पानावर काळ्या पट्ट्याच अधिक होत्या. न झाकलेल्या एका ओळीत त्यांच्या घरच्या बैठकीला किती माणसे आली होती, तेवढे लिहिलेले होते. त्या ओळीवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या की चहा मीच केला होता, हे लिहिणाऱ्या हेरालाही दिला असणार.

या देशाबद्दल आदर वाटला, हे मी मोकळेपणाने लिहितो. सरकारने 2015 मध्ये या पोलिसी हेरगिरीची चौकशी नेमली, 2020 पासून साक्षी सुरू झाल्या आणि नगरपालिकेच्या संग्रहालयात बसून लोक त्यावर बोलतात. आपल्याकडे असे का होत नाही, असा प्रश्न मनात आला आणि त्याच क्षणी रागही आला, कारण आपल्यावर पाळत ठेवण्याचा परिपाठ या इंग्रजांनीच घातला. 1909 मध्ये लंडनमध्ये केवळ हिंदी क्रांतिकारकांवर नजर ठेवण्यासाठी स्वतंत्र खाते सुरू झाले आणि ते 1947 पर्यंत चालले. आपले सयाजीराव महाराज युरोपात कोणाला भेटतात, यावरही इंग्रजांचे लक्ष असे. 1911 च्या दिल्ली दरबारात महाराजांनी बादशहापुढे एकदाच मान लववली आणि पाठ फिरवली, तेव्हा केवढा गहजब झाला आणि त्यांना कसा खुलासा द्यावा लागला, हे बडोदेकरांना मी सांगायला नको. दांडिया बाजारातील अरविंद घोषांच्या घरावरून आपण शाळेत जाता-येता कितीदा गेलो असू. 1906 पर्यंत बडोद्यात नोकरी करणाऱ्या त्या प्राध्यापकांना दोनच वर्षांनी अलीपूर बॉम्बखटल्यात अटक झाली.

त्या हेरखात्याची कागदपत्रे आता ब्रिटिश लायब्ररीत कोणालाही वाचता येतात. कोणालाही, म्हणजे जो लंडनला पोहोचू शकतो त्याला. आपल्याच माणसांवरची टिपणे वाचायला आपल्या मुलांनी व्हिसा काढावा, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आपण बडोदेकरांनी असा उत्सव भरवला नाही म्हणून आपल्याला इतिहासाची चाड नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. कागदच इथे लंडनमध्ये असतील तर उत्सव कशावर भरवायचा?

तरी काही कागद घरांत असतील. रावपुऱ्यात, वाडीत, दांडिया बाजारात ज्यांचे आजोबा-पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते, त्यांनी माळ्यावरच्या ट्रंका एकदा उघडाव्यात, ही विनंती. आत्याने आमची उघडली आहे. मोडी लिपीतील चौदा पत्रे निघाली आहेत आणि ती वाचून देणारे कोणी बडोद्यात असेल तर मला कळवावे.