बाबांच्या पट्ट्यातलं कडं

बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर खाकी वर्दीवरचे दोन पट्टे कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेले, ते तिथेच राहिले. मागच्या मे महिन्यात कपाट आवरताना आई म्हणाली, "टाकून दे." मी हातात घेतले तर बकलजवळचा भाग तडकलेला होता, पण मधली हातभर कातडी अजून जिवंत होती. वाकवली की सुरकुतायची, सोडली की परत सपाट व्हायची. टाकवेना.

स्टड, म्हणजे धातूची शोभेची बटणं, ठोकलेल्या कातड्याची मला लहानपणापासून ओढ आहे. काटोलकडे मामाच्या घरी पोळ्याला बैलांच्या गळ्यात चामड्याचे रुंद पट्टे असायचे. त्यांवर पितळी फुलं ठोकलेली आणि खाली घुंगरं. मामा आदल्या रात्री ती फुलं चिंचेने घासायचा आणि मी कंदिलाजवळ बसून बघायची. बाजारात मनगटात घालायची तसली कडी मिळतात, मी घेतलीही आहेत, पण ती बहुतेक रेक्झिनची असतात आणि घामाने पापुद्रे सुटतात. पट्टे हातात आले तेव्हा ठरवलं, आपणच करायचं.

घरातले तुकडे गोळा केले. बाबांचे पट्टे, ताईची जुनी पर्स, भावाचा एक महागातला बेल्ट. सगळं पिशवीत घालून आमच्या चौकातल्या चांभारकाकांकडे गेले. त्यांनी भावाचा बेल्ट रापीने, म्हणजे कातडं कापायच्या सुरीने, कडेला जरासा चिरला आणि माझ्यासमोर धरला. वर कागदासारखा पातळ थर, आत भुसा दाबल्यासारखं काहीतरी. "ताई, हे कातडं नोहे, पुठ्ठा होय. याच्यात स्टड काऊन ठोकता, उद्या फाटते." मग बाबांच्या पट्ट्याची कड दाखवली. आरपार एकच तपकिरी रंग. आतल्या खरखरीत बाजूवर पाण्याचा थेंब टाकला, तो लगेच आत मुरला आणि डाग गडद झाला. हे साल-हिरड्याने कमावलेलं कातडं. ताईच्या पर्सची कड मात्र आतून निळसर राखाडी होती, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी केलेली, क्रोमची कमावणी. ते मऊ आणि चिवट असतं, पण ओलं करून आकार दिला तर तो धरून ठेवत नाही आणि कड घासून चकाकत नाही. कडं पट्ट्याचं करायचं आणि पर्सचं कातडं अस्तराला, हे तिथेच ठरलं. काकांनी शेळीच्या कातड्याची थोडी कातरणंही दिली.

मापात मी पहिल्यांदा चुकले. मनगट 15.5 सेमी, त्यात बटणासाठी 2.5 सेमी धरून पट्टी कापली आणि कडं मनगटावर बसेना. पट्टा 3 मिमी जाड होता. जाड पट्टी गोल वळवली की आतला घेर कमी भरतो, 3 मिमीला जवळपास 1 सेमीने. सपाट टेबलावर हे लक्षातच येत नाही. तेव्हापासून आधी पुठ्ठ्याची पट्टी कापून मनगटाला गुंडाळून बघते आणि जाडीचा हिशेब धरूनच रापी लावते.

भोकं पाडायला नागपूरच्या इतवारी बाजारातून 3 मिमीचा पंच आणला. खाली जुना लाकडी पाट घेतला, कारण दगडावर पंचाची धार बसते. पहिली चार भोकं अंडाकृती पडली. बाबा पलीकडे पेपर वाचत होते, तिथूनच म्हणाले, "हात तिरपा करून राहिली तू. पंच उभा धर. एकच ठोका दे, दोन देऊ नको." तीस वर्षं तिकिटं पंच केलेला माणूस. ते उठले, पट्टी हातात घेतली आणि कडेपासून सारख्या अंतरावर पेन्सिलीने खुणा करून दिल्या. भोक कडेपासून निदान 6-7 मिमी आत असावं, नाहीतर ओढ बसली की कड फाटते, हे मी नंतर एक तुकडा वाया घालवून शिकले.

स्टड बसवताना पाट बाजूला ठेवून आजीचा पाटा घेतला. इथे खाली कठीणच हवं. माझे स्टड रिव्हेटचे, म्हणजे दांडी कातड्यातून घालून मागून टोपी ठोकायची; लाकडावर ठोका विरतो आणि ही टोपी नीट लागत नाही. रिव्हेटची दांडी कातड्याच्या जाडीपेक्षा साधारण 3 मिमी लांब लागते. जास्त लांब घेतली तर ती आतल्या आत वाकते आणि टोपी तिरपी बसते. आखूड घेतली तर आज बसलीशी वाटते आणि आठवड्याने निघून येते. नीट बसलेल्या रिव्हेटचा आवाजही वेगळा येतो. आधी बद्द, शेवटच्या ठोक्याला टण्ण. स्क्रूवाले टोकदार कोन घेतले तर आट्यांना चिकटवण्याचा एक थेंब लावायचा, नाहीतर ते फिरून फिरून पडतात.

पहिलं कडं ताईला दिलं. तिने ते तीन दिवस घातलं आणि चौथ्या दिवशी मनगट दाखवलं. ओळीने पाच लाल गोल, जिथे जिथे रिव्हेटची मागची टोपी टेकत होती तिथे तिथे. ताईला खोटे कानातले घातले तरी खाज सुटते. निकेलचा मुलामा काहींच्या त्वचेला चालत नाही आणि नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने तो त्रास वाढतो. मला फार वाईट वाटलं. वरची बाजू चमकवण्यात मी दोन दिवस घालवले होते आणि अंगाला लागणारी बाजू उघडी सोडली होती.

आता अस्तराशिवाय काहीच करत नाही. आधी वरच्या पट्टीवर सगळे स्टड बसवायचे. मग मागची बाजू आणि अस्तर, दोन्ही सँडपेपरने घासून सोल्यूशन (कातडं चिकटवायचा गोंद) लावायचं आणि बोटाला चिकटेल इतपत वाळू द्यायचं. मे महिन्यात त्याला पाच मिनिटंही पुरतात, पावसाळ्यात तिप्पट वेळ जातो. चिकटवताना पट्टी सपाट ठेवू नका. लोणच्याच्या बरणीला बाहेरून पालथी, मागची बाजू वर करूनही गुंडाळू नका. तसं केलं की वळण उलटं होतं आणि अस्तर त्यावर ताणून बसतं, मग कडं मनगटावर सुलट वळवलं की तेच अस्तर चुरगळतं. हे मी एकदा केलंय. खरी रीत अशी: पट्टी बरणीच्या आत, कडेला लागून गोल बसवायची आणि अस्तर आतून अंगठ्याने दाबत न्यायचं. रुंद तोंडाची बरणी लागते. अस्तर कडेने थोडं जास्त ठेवून नंतर रापीने कापायचं. टिच बटण शेवटी, दोन्ही थरांतून.

कडेसाठी गोंद कतिरा रात्रभर भिजवला, त्याची खळ कडेला बोटाने लावली आणि जाड सुती कापडाने घासत बसले. दहा-पंधरा मिनिटांनी खरखरीत कड काचेसारखी गुळगुळीत झाली. सगळ्या कामात मला हे सर्वांत आवडतं. एक तुकडा ओला करून लवकर वाळावा म्हणून गच्चीवर उन्हात ठेवला होता, तो दुपारपर्यंत पापडासारखा वाकडा आणि कडक झाला. तेल लावूनही परत आला नाही. ओलं कातडं सावलीतच वाळवायचं, कूलरच्या झोतातही नको.

ताईचं दुसरं कडं कापताना पट्टीवर एक वेडंवाकडं भोक आलं. पंचाचं नव्हे, खिळ्याने पाडलेलं. मी तो भाग टाळून कापणार होते. बाबांनी पट्टी उजेडात धरली. "हे टायफॉइडच्या वर्षीचं. पट्टा ढिला पडून राहिला होता, डेपोतच पाडलं." ते भोक मी मधोमध घेतलं, दोन्ही बाजूंना तीन-तीन पितळी स्टड ठोकले आणि ते तसंच रिकामं ठेवलं. त्यातून अस्तराचा लाल रंग दिसतो. ताई पावसाळाभर ते घालते आहे, मनगटावर एकही डाग नाही. रात्री ते सुती फडक्यात ठेवते, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.

दुसरा पट्टा अजून अख्खा आहे. त्यातून आधी बाबांच्या घड्याळाचा पट्टा होणार आहे. त्यांनी मागितलाय, बिनस्टडचा.