करंट वाढवण्याआधी हर्ट्‌झ आणि विश्रांती बघा

गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, झपाट्याने वाळतो. त्याला विजेच्या पल्स देऊन आकुंचन घडवणारं मशीन लावलं की पहिली पाच-सहा आकुंचनं दणदणीत येतात, मग तेवढ्याच करंटवर स्नायू ढिला पडतो. लगेच करंट वाढवायचा मोह होतो. मी आधी फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती पल्स, हे हर्ट्‌झमध्ये मोजतात) आणि दोन आकुंचनांमधली विश्रांतीची वेळ तपासते.

आपण स्वतः पाय ताठ करतो तेव्हा मेंदू स्नायुतंतूंचे गट आळीपाळीने कामाला लावतो. मशीनला ही पाळी लावता येत नाही. पॅडखालचे तेच तंतू प्रत्येक पल्सला एकदम ओढले जातात. सेकंदाला पल्स जितक्या जास्त, तितके ते लवकर दमतात.

माझी सुरुवात 50 हर्ट्‌झ, पल्सची रुंदी 300 ते 400 मायक्रोसेकंद, 10 सेकंद आकुंचन आणि 50 सेकंद विश्रांती. अशी 10 ते 15 आकुंचनं पुरतात. घरगुती मशीनवर 10-10 सेकंदांचा तयार प्रोग्रॅम असेल तर या कामासाठी तो वापरूच नका, स्नायू सावरायच्या आत पुढचं आकुंचन येतं. जोर लवकर ओसरत असेल तर फ्रिक्वेन्सी 35 पर्यंत उतरवते. 20 च्या खाली मात्र सलग आकुंचनाऐवजी थरथर जाणवू लागते. फ्रिक्वेन्सी उतरवली की जोर थोडा घटतो; तो सोसवेल तेवढा करंट वाढवून भरून काढायचा, कारण त्याने आणखी खोलचे, ताजे तंतू कामाला लागतात. म्हणजे करंट वाढवायचाच, पण नंतर.

रॅम्प, म्हणजे करंट हळूहळू पूर्ण जोरावर चढायचा वेळ, 2 सेकंदांचा ठेवते. काही मशीन तो आकुंचनाच्या वेळेतच मोजतात, मग पूर्ण जोराचे 8 सेकंदच हाती येतात. मॅन्युअल बघा.

पॅड मोठे हवेत, साधारण 5 बाय 9 सेंटिमीटर: एक मांडीच्या वर बाहेरच्या अंगाला, दुसरा गुडघ्याच्या वर आतल्या फुगीर भागावर. त्वचेवर तेल असेल किंवा पॅडचा जेल सुकला असेल तर करंट एका ठिपक्यात साठतो, चटके बसतात आणि पेशंट करंट वाढवूच देत नाही. पाय सर्जनने ठरवलेल्या कोनात पट्ट्याने बांधून ठेवायचा. मोकळा सोडला तर नव्या लिगामेंटवर ताण येतो.

बऱ्याच क्लिनिकमध्ये अजून 2500 हर्ट्‌झचा ‘रशियन’ करंट लावतात, म्हणजे सुट्या पल्सऐवजी वेगवान लहरींचे छोटे झटके. साध्या पल्सपेक्षा त्याने स्नायू लवकर थकतो, म्हणून मी तो टाळते.

आकुंचन डोळ्यांना निम्मं दिसू लागलं की सेशन तिथेच थांबवते. पुढचं एक दिवस सोडून. पेसमेकर असेल तर मशीन लावायचंच नाही.